पिवळ्या माक्याची वाट

पाय पांघरुणात घ्या बघू आधी. डोळे मिटून ऐकलंत तरी चालेल. एक होता राजा, पण गोष्ट काही त्याची नाही. गोष्ट त्याच्या राणीची. तिचं नाव तुळसा.

तुळसा म्हणजे एका माळिणीची लेक. घरात दोघीच, आई आणि ती. राजानं मागणी घातली, लग्न लागलं आणि पडदे सोडलेल्या मेण्यात बसवून तिला नेलं. किती डोंगर गेले, किती नद्या गेल्या, आत बसलेल्या पोरीला काय दिसणार? निघताना आईनं तिच्या अंबाड्यात अंगणातल्या पिवळ्या माक्याच्या वेलाची एक काडी खोचली. म्हणाली, "लाव कुठंतरी. याला काही लागत नाही गं. ना खत, ना आळं. जमिनीला टेकला की पसरला."

मग राजा गेला लढाईवर. मेण्याचे भोईही गेले त्याच्याबरोबर. तुळसा एकटी पडली. ताटात वाढायला चार दासी, पण समोर बसून जेवायला कुणी नाही. आईच्या आठवणीनं ताट तसंच परत जाई. जावं तर माहेरची वाटच ठाऊक नाही, बरं का! तिनं दासीला विचारलं. दासी म्हणाली, "आम्ही कधी महालाबाहेर गेलोच नाही, राणीसाहेब." मग प्रधानजींना विचारलं. ते म्हणाले, "एवढंसं गाव, कोण लक्षात ठेवतंय?" मग दारावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला विचारलं. तो बिचारा म्हणाला, "माझी नजर या दारापुरतीच, राणीसाहेब."

मग तिनं ती काडी बागेत लावली. चार दिवसांत पानं फुटली, पिवळी फुलं आली. पण राजाचे माळीबुवा मोठे ताठ! म्हणाले, "ही कसली रानटी वेल राजाच्या बागेत?" उपटली आणि दिली भिंतीपलीकडे फेकून. राहिलेल्या मुळातून ती पुन्हा फुटली. पुन्हा फेकली. तिसऱ्यांदा तर मुळासकट गेली. तुळसा खूप रडली. तेवढंच एक माहेरचं होतं हो तिच्याजवळ.

पण माक्याला फेकून काय होतंय? पडला तिथं रुजला. पेरापेरातून मुळं सोडत निघाला. एका सकाळी तुळसा गच्चीवर उभी होती, तर भिंतीबाहेर पिवळा पट्टा! एरवी माका चहूकडे पसरतो. हा मात्र सरळ चालला होता, ना डावीकडे, ना उजवीकडे. तिच्या मनात आलं, हा आपल्या आईकडे निघालाय.

मग ती तशीच अनवाणी निघाली. डोंगर लागला, माका डोंगर चढला. तीही चढली. नदी लागली, माका पाण्यावर आडवा पडला. ती त्याच्यावरून अलगद पलीकडे गेली. मग लागली वाळू. लांबच लांब वाळू, ना झाड, ना पाखरू. तिथं माका विरळ झाला. इथं एक पान, तिथं एक पान. मागे पाहिलं तर महाल दिसेना, पुढे पाहिलं तर गाव दिसेना. तिला फार भीती वाटली. हे शेवटचं पान असलं तर? मग आपण कुणाच्याच नाही.

एवढ्यात समोरून कुणीतरी येताना दिसलं. वाकलेली एक बाई, जमिनीकडे बघत बघत चाललेली. तिच्या पायाशीही पिवळी फुलं होती. जवळ आली, मान वर केली, तर कोण? आई!

आई काय म्हणाली असेल? रागावली! "अगं, राणी ना तू? पाय बघ कसे भाजून घेतलेस!"

तुळसा तिच्या गळ्यात पडली. म्हणाली, "आई, चल, आपल्या घरी जाऊ."

"घराला कुलूप लावलं आणि किल्ली विहिरीत टाकली," आई म्हणाली.

"का गं?"

"अंगणातला माका उठला आणि फाटकाबाहेर चालू लागला. मला कळलं, तू असशील तिकडंच जातोय. मग परत यायचं कशाला? तिथं माझी वाट बघणारं होतं कोण?"

मग त्या दोघी तिथंच राहिल्या. दोन्हीकडचा माका एक झाला आणि वाळूवर हिरवंगार अंथरूण झालं. लढाई संपवून राजाही माक्याच्या मागोमाग तिथंच आला, आणि सासूबाईंनी त्याला आधी पाय धुवायला लावले. सगळी एका ताटाभोवती जेवली, आणि सुखानं राहिली.

झालं. सरका आता एकमेकांजवळ, आणि झोपा.