वजनाचा झोका

घड्याळांना रोज किल्ली द्यावी लागायची त्या काळी केरबा लोहार प्रत्येक नव्या स्प्रिंगला लोखंडी वजन टांगून तिचा दम बघायचा. असेच एकदा आढ्याच्या आकड्याला लांब स्प्रिंग टांगून, तिला वजन लावून तो बाजारात गेला. वजन सावकाश खाली-वर होऊ लागले.

"तुझा एक झोका होईतो माझे दोन होतात," भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक हसला.

वजनाला ते झोंबले. त्याने पक्कडीला हाक मारली. "ही स्प्रिंग फार लांब आहे. अर्धी काप."

"अरे, मला कापलंस की मी ताठ होईन," स्प्रिंग म्हणाली. "वेग वाढेल, पण झोका आखूड होईल."

"वेग हवाय मला. तू गप्प बस."

पक्कडीला कापण्या-अडकवण्यापलीकडे काही येत नव्हते. तिने अर्धी कापली आणि वजन उरलेल्या टोकाला अडकवले. वेग वाढला, पण दुप्पट नाही झाला. पुन्हा अर्धी कापून पाव उरली, तेव्हा कुठे लंबकाशी बरोबरी झाली.

"आता त्याला हरवायचंय. काप!"

एकच वेटोळे उरले. वजन नुसते थरथरत होते.

"अजून!"

पक्कडीने तेही कापले आणि वजन आढ्याच्या आकड्याला अडकवले.

"चल, लाव शर्यत," लंबक म्हणाला.

वजनाने सगळा जोर लावला. ते हलले नाही.

"अगं, एकदा तरी झुलव मला," ते खाली पडलेल्या स्प्रिंगच्या तुकड्यांकडे बघून म्हणाले.

तेवढ्यात केरबा आला. त्याने जमिनीवरचे तारेचे तुकडे झाडून भट्टीत लोटले.