हिरव्या जंतूची शेपटी

एका जंगलात एक म्हातारा गवा राहत असे, आणि त्या गव्याच्या छातीत, जुनाट खोकल्याच्या आश्रयाने, एक हिरवा जंतू राहत असे. मुलांनो, जंतूंच्या घरी बाप आणि मुलगा असा भेद करता येत नाही. बापच मधोमध दुभंगतो आणि त्याचीच दोन मुले होतात. म्हणून त्या अख्ख्या घराण्याला आपण एकच नाव देऊ, हिरवा. हा हिरवा मूळचा तळ्यातला. गवा पाणी पीत असताना एका ठसक्यासरशी तो आत ओढला गेला होता. तळ्यातल्या हिरव्यांना लांब शेपटी असे. ती गरगर फिरवत ते हवे तिथे पोहत जात. त्यांची एक रीतही होती. संकट दिसले की एकजण हाळी देई, आणि हाळी आली की तोंडातला घास टाकून सगळ्यांनी धावायचे. हाळी कोणाची, हे विचारायचे नाही.

गव्याच्या छातीत एक सोनेरी जंतू आधीपासूनच बिऱ्हाड करून होता. गोल, गुबगुबीत आणि बिनशेपटीचा. द्राक्षाच्या घोसासारखा तो आपल्या भावंडांना चिकटून बसलेला असे. "ये बाबा, टेक कुठंतरी," तो हिरव्याला म्हणाला. पण छातीत खायला बेताचेच, त्यामुळे सोनेऱ्याने उचललेला प्रत्येक घास हिरव्याच्या डोळ्यांत सलू लागला. "हा बसल्या जागी फुगतो, आणि मी पोहण्यात ताकद घालवतो!" तो चरफडे. पुढे हिरव्याच्या घरात एक पोर आखूड शेपटीचे जन्मले. तळ्यात त्याला सगळे हसले असते. इथे मात्र शेपटीवर खर्च होणारा घास त्याच्या अंगी लागला, त्याची प्रजा वाढली आणि लांब शेपटीवाले मागे पडले. होता होता शेपटीच उरली नाही. मग हाळीची पाळी आली. दुसऱ्याच्या हाकेला धावायचे म्हणजे आपला घास सोडायचा, आणि सोडलेला घास सोनेरी गिळणार! तेव्हा घरात जी पोरे हाळीपुरती जन्मतःच बहिरी निघाली, तीच धष्टपुष्ट झाली. अंगावर मात्र हिरव्याने चिकट, बुळबुळीत लेपाचा जाड अंगरखा चढवला. सोनेऱ्यापुढे आपण हटलो नाही, याची त्याला कोण घमेंड! "कशी जिरवली एकेकाची," तो म्हणे. पण हाक मारली तरी ते ऐकून कोणी येत नसे.

एके दिवशी गवा पुन्हा त्याच तळ्यावर आला. पाण्याला तोंड लावतो न लावतो तोच त्याला अशी उबळ आली की छातीतला बेडका सुटून थेट पाण्यात पडला. हिरवा त्या बेडक्यातच होता. तळ्यातले हिरवे शेपट्या फिरवत भोवती जमले. हिरव्याचा ऊर भरून आला. "अरे, मी तुमच्यातलाच! गव्याच्या छातीत राज्य करून आलोय!" तो ओरडला. "मग ये की वर, आमच्याबरोबर पोहायला," ते आनंदाने म्हणाले. हिरव्याने जोर लावला. पुन्हा लावला. तो जागचा हलेना, उलट तळाकडे बुडत चालला. कोणी हसले नाही, आणि हेच त्याला जास्त लागले. "दमला असेल बिचारा, लांबून आलाय," त्यांतला एकजण म्हणाला. त्या दयेने हिरव्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

इतक्यात चिखलातून एक भुकेला अमिबा सरकत आला. हाळी उठली आणि सगळे हिरवे हाळीच्या दिशेने पळाले. बेडक्यातल्या हिरव्याला ती हाळी ऐकूच आली नाही. मघाशी कळवळून बोललेला जंतू मात्र अर्ध्या वाटेवरून मागे फिरला. त्याने हिरव्याला ढुशी मारली. "अरे, हाळी ऐकली नाहीस का? चल लवकर!" तोंडाशी तोंड आणून तो ओरडला तेव्हा कुठे हिरव्याला कळले. आपल्याला हाळी ऐकू येत नाही आणि शेपटीही उरली नाही, हे खरे सांगायची त्याला लाज वाटली. "ऐकली की," तो म्हणाला, "पण आमच्याकडं असं कुणाच्या हाकेला धावत नाहीत." पाहुणा असे का बोलतो, ते त्या भोळ्याला उमगेना. तो त्याला ओढत राहिला. अमिबाने दोघांनाही कवेत घेतले. बुळबुळीत अंगरख्यामुळे हिरवा त्याला गिळता येईना, म्हणून त्याने हिरव्याला सोडून दिले. मागे फिरलेल्याला मात्र त्याने गिळले.

हिरवा तळाच्या गाळात जाऊन पडला. वर त्याचे भाऊबंद आपल्यातला कोण हरवला ते शोधत फिरत होते, आणि त्यांच्याकडे मान वर करून पाहण्याची त्याची छाती होईना. 'मला शेपटीच नाही, ओढत बसू नकोस' असे आपण खरे बोललो असतो तर तो वेळीच निघून गेला असता, हे त्याला कळत होते.

शेजारी कोणीतरी हलले. त्याच बेडक्यातून पडलेला सोनेरी होता तो.

"तू?" हिरवा पुटपुटला.

"मीच. इथं मला ओळखणारं दुसरं कोण आहे?" सोनेरी म्हणाला. "आणि खरं सांगू, तुलाही. माझा जन्मच बिनशेपटीचा, बाबा. मला पोहता येत नाही याची मला लाज नाही. पण तुला तर सुंदर शेपटी होती. माझ्याशी भांडता भांडता तू माझ्यासारखा झालास. मी कधी मागितली होती रे तुझी शेपटी?"

वर पुन्हा कोणीतरी हाळी देत होते. हिरवा गाळात तोंड खुपसून पडून राहिला.

तात्पर्य : वैऱ्याला हरवण्याच्या ईर्ष्येत आपण आपल्यातले काय काय टाकून देतो, ते आपल्या माणसांत परतल्यावरच कळते, आणि तेव्हाही जो लाजेपोटी ते कबूल करत नाही, त्याच्या लाजेची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.