साळूच्या बिळाचं छत

फार जुनी गोष्ट. साळूनं आपल्या बिळाचं छत घुशीकडून दुरुस्त करून घेतलं, पण चार दिवसांतच पिल्लांच्या अंगावर माती पडू लागली. घूस म्हणे, "काम चोख आहे. तुझी पिल्लंच धिंगाणा घालतात!"

साळू पिल्लांना घेऊन उघड्यावर निजू लागली. शेवटी तिनं म्हाताऱ्या सांबराकडे दाद मागितली. मनात धाकधूक होतीच, कारण बोलण्यात घुशीचा हात कोण धरणार?

सांबर घुशीला म्हणालं, "काम चोख ना? मग आज तुझी पिल्लं तिथं निजव."

घूस दचकली. "माझी पिल्लं? त्या छताखाली?"

जमलेली जनावरं हसली. सांबरानं निकाल दिला, "छत पुन्हा कर. तोवर साळू तुझ्या बिळात राहील."

घुशीच्या भक्कम बिळात पिल्लं गाढ झोपली, तेव्हा कुठे साळूचा जीव भांड्यात पडला. तिकडे घूस मातीचा थर न् थर ठोकून बसवत होती.