राखेची ओंजळ

उंबरशेत या तळकोकणातल्या गावातून घाटमाथ्यावरच्या जांभूळमाळाला जाणारी पायवाट आज फक्त हौसेने चालणारे लोक वापरतात. चार मुक्कामांची ही वाट सलग रानातून जाते, आणि प्रत्येक मुक्कामाला एक खोप लागते. कुडाच्या भिंती, वर आता पत्रा, आत मधोमध चूल, एका कोपऱ्यात लाकडांची रास. शेवटची खोप खिंडीत आहे. तिच्या उंबऱ्यालगत, जाणाऱ्या-येणाऱ्याला वळसा घालावा लागेल असा, एक काळा दगड उभा आहे. उंची बसलेल्या माणसाएवढी. त्याचा पुढचा भाग दोन हात जोडून पसरावेत तसा बाहेर आलेला असून मध्ये खोलगट जागा आहे. त्या खोलगट जागेत नेहमी राख असते. पावसाने ती वाहून गेली, तर त्यानंतर खिंडीत येणारा पहिला माणूस चुलीतली थंड राख मूठभर आणून तिथे घालतो. नमस्कार कोणी करत नाही. फूल, हळद-कुंकू, नारळ यांतले काहीही या दगडाला वाहिले जात नाही.

लोकपरंपरेत दगड झालेली माणसे पुष्कळ आढळतात, आणि बहुधा कालांतराने त्यांना शेंदूर लागतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे दैवत होते, ज्याने अन्याय केला त्याला क्षमा मिळते, आणि गावाला जत्रा. या दगडाच्या वाट्याला यांतले काहीच आले नाही. तसे का, हे आम्हाला कोंडाबाई झोरे यांनी सांगितले. त्या जांभूळमाळाच्या धनगरवाड्यातल्या. वय सत्तरीच्या पुढचे, हातात काठी, पायात टायरच्या चपला. या वाटेवरची माहितगार म्हणून मंडळी त्यांनाच सोबत नेतात. आमच्या गटात पुण्याच्या प्रसूतिगृहात परिचारिका असलेली रेवती होती. तिने तो दगड पाहून विचारले, "आजी, हा देव कुठला?"

"द्येव?" कोंडाबाई म्हणाल्या. "त्येला द्येव म्हनलीस तर माझी पणजी वरनं धोंडा टाकंल तुझ्या डोक्यात. बस खाली. सांगते."

कथा समजण्यासाठी वाटेचे दोन नियम आधी माहीत हवेत. दोन्ही कथेच्या आधीपासूनचे आहेत, असे सर्व सांगणारे एकमताने सांगतात. पहिला असा, की खोप सोडताना चुलीतला निखारा राखेखाली पुरायचा आणि जळणाची रास पूर्ववत रचायची. म्हणजे मागून येणाऱ्याला भिजल्या अंगाने लाकूड शोधत हिंडावे लागत नाही, आणि जनावर खोपीजवळ येत नाही. दुसरा नियम विस्तव मागण्याचा. खोपीत आधी कोणी असेल, तर नव्याने येणारा दारात उभा राहून 'इस्तू' मागतो. आतला विचारतो, "मागं काय ठेवलंस?" बाहेरच्याने उत्तर द्यायचे, "इस्तू ठेवला, लाकूड ठेवलं." मग आतला म्हणतो, "तर मग इस्तू तुझा." ज्याने मागे जे ठेवले ते त्याला पुढे मिळावे, असा या देवाणघेवाणीचा अर्थ आहे. आज यातला प्रश्न तेवढा उरला आहे. या वाटेवर भेटलेली माणसे 'राम राम' म्हणत नाहीत, 'मागं काय ठेवलं?' असे विचारतात.

फार पूर्वी, ही वाट मिठाच्या बैलांची होती तेव्हा, जांभूळमाळावर ठकूबाई नावाची धनगरीण राहत होती. तिची एकुलती लेक बायजा खाली कोकणच्या बाजूला दिलेली होती. बायजाला दिवस गेले. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी यायची, म्हणून ठकूबाई तिला आणायला उंबरशेतला उतरली. दिवस थंडीचे होते, आभाळ कोरडे होते, आणि बाळंतपणाला अजून अवकाश होता. मायलेकी सावकाश चढू लागल्या.

त्यांच्यापुढे मानू नायकाचा तांडा होता. मानू हा मिठाच्या बैलांचा मालक. माणूस मुळात दुष्ट नव्हता, असे कोंडाबाईही सांगतात, आणि ते सांगताना त्यांचा आवाज मुळीच मऊ होत नाही. त्याचे वैर होते सुभान नावाच्या दुसऱ्या नायकाशी. दोघांचे तांडे एकाच बाजाराला निघालेले, आणि जो आधी पोचेल त्याचे मीठ आधी उचलले जाणार. सुभान एक मुक्काम मागे आहे, एवढे मानूला ठाऊक होते. अशात अवकाळी पाऊस लागला. दुसऱ्या मुक्कामाला, पाण्याच्या खोपीत, मानूने एक युक्ती केली. सकाळी निघताना त्याने खोपीतले सगळे जळण चुलीत घालून जाळले, आणि मग चुलीत घागरभर पाणी ओतले. सुभानच्या माणसांचा निम्मा दिवस कोरडे लाकूड शोधण्यात जाईल, असा त्याचा हिशेब. त्याची माणसे हे पाहत उभी होती. एक म्हातारा बैलकरी तेवढा बोलला, "नायक, ह्ये वंगाळ झालं."

"सुभान्याला थंडी वाजंल म्हून तुला कापरं भरलं व्हय?" मानू म्हणाला. बाकीचे हसले, आणि तांडा निघाला.

मानू आणि सुभान यांच्यामध्ये मायलेकी होत्या. हे मानूला ठाऊक नव्हते.

म्हणे, वाटेतच बायजाला अवेळी कळा सुरू झाल्या. ठकूबाईने तिला जवळपास उचलूनच पाण्याच्या खोपीत आणले. दोघी चिंब भिजलेल्या. ठकूबाईने सवयीने चुलीतली राख उकरली, आणि तिच्या हाताला चिखल लागला. कोपऱ्यात काटकी नव्हती. रानातले प्रत्येक लाकूड पाणी पिऊन बसलेले. बायजा सुटली, मुलगी झाली, आणि ती अंधाराआधीच गार पडली. बायजा आईच्या कुशीत थरथरत राहिली, मग तिचे थरथरणेही थांबले. शेवटी ती एवढेच म्हणाली, असे सांगतात: "आये, इस्तू कुनी न्हेला गं?"

ठकूबाईने दोघींना खोपीमागे पुरले. परत येऊन चुलीतली ओली राख मूठभर घेतली, पदराच्या टोकाला बांधली, आणि म्हणाली, "ही ज्येची हाय, त्येच्या वंजळीत घालीन. तंवर चुलीम्होरं बसायची न्हाय."

येथून पुढचा भाग सांगताना कोंडाबाईंनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. ठकूबाईने नियम मोडला नाही. सुडाच्या इतर कथांहून ही कथा याच ठिकाणी वेगळी पडते. तिचा सूड वाटेच्या कायद्याबाहेर जात नाही. किंबहुना तो कायदा अक्षरशः पाळला जातो, यातच त्याची धार आहे.

लादलेले बैल वळणावळणाने चढतात, आणि त्या पावसात पुढचा मानूचा आणि मागचा सुभानचा असे दोन्ही तांडे एक रात्र वाटेतच अडकून पडले होते. धनगराला सरळ चढणारी नाळ, म्हणजे डोंगरातली अरुंद घळ, माहीत असते. ठकूबाई त्या दगडी नाळेतून चढली आणि तांड्याच्या आधी पुढच्या खोपीत पोचली. तिथे चुलीत कोणा आधीच्या वाटसराचा निखारा पुरलेला होता. तिने तो उचलला. थोडा एका मडक्यात घालून बरोबर घेतला, आणि उरलेला दुसऱ्या मडक्यात राखेखाली झाकून, जळणासह, खोपीमागच्या कपारीत ठेवला. कपारीवर कारवीच्या फांदीला गाठ मारली. रानातल्या माणसाला ती गाठ दिसली की तिथे काही ठेवले आहे हे कळते. सुभानच्या तांड्याबरोबर धनगर वाटाड्या होता. त्याला गाठ दिसली, विस्तव मिळाला, आणि तो तांडा निभावला. मानूच्या तांड्यात वाटाड्या नव्हता. वाट तोंडपाठ असल्याचा त्याला अभिमान होता. त्याला खोपीत सापडली ती थंड चूल.

तांडा रात्रभर कुडकुडला. चकमकीचा कापूस केव्हाच भिजून गेला होता. सकाळी म्हातारा बैलकरी म्हणाला, "नायक, आपली राख आपल्या म्होरं चाललीया." या वेळी कोणी हसले नाही. त्या दिवशी खिंडीच्या पायथ्याशी पोचल्यावर माणसांनी बैल एका मोठ्या कातळाखाली घुसवले आणि पुढे यायला नकार दिला. "पानी तुमी वतलं. इस्तू तुमीच आना," ते म्हणाले.

मानू एकटा चढला. दिवस मावळत होता, वारा खिंडीतून सुईसारखा येत होता, आणि वरच्या खोपीच्या फटींतून उजेड दिसत होता. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आत कोन हाय? इस्तू द्या."

आतून बाईचा आवाज आला. "मागं काय ठेवलंस?"

"इस्तू ठेवला, लाकूड ठेवलं."

"कंच्या खोपीत?"

"समद्या खोपीत."

"पान्याच्या खोपीत?"

इथपर्यंत कथा सर्वत्र सारखी आहे. पुढे दोन पाठ होतात. खाली उंबरशेतच्या बाजारपेठेत सांगतात, की नायकाने माफी मागितली, बाईला दया आली, तिने विस्तव दिला, आणि उपकाराची खूण म्हणून नायकानेच ही खोप बांधली. हा पाठ मी कोंडाबाईंना ऐकवला तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. हसू आवरल्यावर म्हणाल्या, "त्येच्या मिठावर प्वाट भरत हुतं त्येंचं. दुसरं काय सांगनार?"

त्यांचा पाठ असा. मानू म्हणाला, "राख ठेवली." मग घाईने म्हणाला, "माझ्या पाठीवर सुभान हुता. त्येला अडवायचा हुता. दुसरं कुनी न्हवतं मागं."

"हुतं."

"कोन?"

"माझी ल्येक. तिला कळा सुटल्या हुत्या."

मानूने दाराची चौकट धरली. "आये, तुझी आन. मला ठावं न्हवतं."

"ठावं असतं तर इस्तू ठेवला असतास?"

"ठेवला असता गं!"

आणि तो खरे बोलत होता, असे सांगतात. ठकूबाईलाही ते कळले. ती म्हणाली, "म्हून तर या वाटंवर मागं कोन हाय त्ये कुनी इचारत न्हाय. काय ठेवलं त्येवढंच इचारत्यात. वंजळ कर."

मानूला वाटले, निखारा मिळणार. हात भाजू नयेत म्हणून त्याने पागोट्याचा ओला पदर तळव्यांवर पसरला आणि उंबऱ्याशी बसून ओंजळ पुढे केली. ठकूबाईने पदराची गाठ सोडली. राख तोवर वाळली होती. तिने ती हलकेच, एक कणही सांडू न देता, त्याच्या ओंजळीत घातली. "तुझीच हाय," ती म्हणाली.

मग तिने चुलीतला सगळा विस्तव मडक्यात भरला, उरलेली शेवटची मोळी डोक्यावर घेतली, आणि त्याला ओलांडून खिंड उतरून गेली. खाली कातळाखाली मानूची माणसे बसली होती. तिने त्यांनाही तेच विचारले. म्हातारा बैलकरी म्हणाला, "आमी नुसतं बघत हुतो." ती म्हणाली, "खरं बोललास. म्हून निम्मा." तिने निम्मा विस्तव आणि निम्मी मोळी त्यांना दिली. तेवढ्यावर ती माणसे जगली.

वर मानूजवळ खोप होती, छप्पर होते, चूल होती. फक्त चुलीत विस्तव नव्हता आणि कोपऱ्यात काटकी नव्हती. पाण्याची खोप त्याने जशी सोडली होती, तशी ही त्याला मिळाली. तो आतसुद्धा गेला नाही. सकाळी माणसे वर आली तेव्हा तो उंबऱ्याशी तसाच बसलेला होता, ओंजळ पुढे केलेली, आणि हाताला हात लावून पाहिला तर दगड.

उरलेला विस्तव ठकूबाईने नाळेच्या वाटेने पुन्हा वर चढून घरी नेला. चूल पेटवली, तिच्यापुढे बसली, आणि म्हणे तेव्हा कुठे तिला रडू फुटले. तिचे देऊळ कुठेही नाही. झोरे मंडळी तिला कुळाची आई मानतात आणि सुगीच्या पहिल्या भाकरीला तिचे नाव घेतात, तेवढेच.

कोंडाबाईंची कथा संपली तेव्हा रेवती चुलीपाशी गेली. चिमट्यात एक निखारा धरून ती बाहेर आली आणि दगडापुढे उभी राहिली. एक गोष्ट तिच्या मनाला लागून राहिली होती.

"आजी, तो शेवटी खरं बोलला होता ना?"

"बोलला की. म्हून वंजळीत घातली. न्हाय तर तोंडावर फेकली असती."

"मग आता इतक्या वर्षांनी एक निखारा ठेवला तर?"

कोंडाबाईंनी तिला अडवले नाही. त्या दगडाकडे पाहत म्हणाल्या, "तू बाळंतपनं करतीस न्हवं, बाय? मग मला नगं इचारू. खाली पान्याच्या खोपीमागं जा, बायजाला इचार. ती व्हय म्हनली तर ठेव."

रेवतीने चिमटा खाली केला. निखारा चिमट्यातच काळवंडत गेला.

आदल्या रात्रीच्या पावसाने दगडाची ओंजळ धुऊन निघाली होती. कोंडाबाई आत जाऊन चुलीच्या कडेची थंड राख घेऊन आल्या. ती त्यांनी ओंजळीत घातली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून तळव्याने दाबून बसवली. आजही ही ओंजळ फार काळ रिकामी राहत नाही.

आम्ही निघालो तेव्हा रेवती मागे थांबली. तिने जळणाची रास रचली, चिमट्यातला अर्धा विझलेला निखारा चुलीत परत ठेवला, त्यावर फुंकर घालून तो लाल केला आणि राखेखाली नीट पुरला. मागून कोण येणार होते, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.