चांदीची सुई आणि वीस लंगडी मेंढरं

भाद्रपदाची झड लागून त्या दिवशी नववा दिवस उजाडला होता. पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, उघडीप म्हणावी तर उघडीप नाही. भिंतीला हात लावला तरी हात ओला व्हायचा. अशा दिवशी वेळणगडच्या सुजानराजांनी म्हाताऱ्या सिदबा धनगराला दरबारात बोलावून घेतलं.

सिदबाचा गुन्हा एवढाच, की बाजारात घोंगडी विकताना तो म्हणाला होता, "राजाचा गुडघा सुईनं बरा झाला म्हणत्यात. मला काय तसं वाटत नाही बाबा." घोंगडी विकली गेली नाही, पण बोलणं मात्र दुपारच्या आत गडावर पोचलं.

राजाला गळ टाकून मासे धरायचा नाद. उजाडल्यापासून दुपारपर्यंत गुडघाभर पाण्यात उभा. श्रावणात गुडघा असा धरला, की पालखीत बसतानाही राजा ओरडायचा. मग दाजीशास्त्री वैद्य आले. त्यांनी राजाला सतरंजीवर बसवलं, आठ दिवस गुडघ्याभोवती चांदीच्या सुया टोचल्या, आणि नवव्या दिवशी राजा मांडी घालून जेवला.

"सिदबा," राजा म्हणाला, "सुईचा गुण नाही म्हणतोस, तर दाखव. पण माझ्या गुडघ्याला हात लावायचा नाही. शास्त्रीबुवांना खोटं म्हणायचं नाही. आठ दिवसांत दाखवलं नाहीस, तर तुम्हा धनगरांचं वरच्या माळाचं कुरण शास्त्रीबुवांना. औषधी लावतील ते तिथं."

सगळ्या मुलखात पाणी न साचणारी, पायाखाली कोरडी जागा तेवढीच. ती गेली तर पावसाळाभर मेंढरं खालच्या गाळात, आणि गाळात मेंढरू किती दिवस टिकतं ते सिदबाला ठाऊक होतं.

तो विचार करत उभा राहिला. इतका वेळ उभा राहिला, की कारभाऱ्यांना दोनदा जांभई आली.

"शास्त्रीबुवा," शेवटी तो म्हणाला, "तुमची सुई मेंढराला चालती का?"

"जिथं नाडी आहे तिथं सुई आहे," शास्त्री म्हणाले.

"मग बरं झालं. गाळात राहून माझी वीस मेंढरं लंगडी झाल्यात. खुरं कुजल्यात बिचाऱ्यांची. आजच वर माळावर न्यायची हायेत. त्यातल्या दहांना टोचा. दहा तशीच ऱ्हाऊ द्या."

"दहा कुठली ते मी ठरवणार," राजा म्हणाला. तो हट्टी होता, पण लबाड नव्हता.

माळावरच्या जाळीच्या वाघरातून मेंढरं एकेक बाहेर सोडली. राजानं एकाआड एक धरायला लावलं आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या कानात, आतल्या बाजूला, बिब्ब्याचा ठिपका ठेवला. परीट कपड्यावर ठेवतो तसा. तो काही केल्या निघत नाही.

आठ दिवस शास्त्रीबुवा झडीत भिजत माळ चढले. माणूस नेमाचा. ठिपक्याच्या दहांना रोज सुया टोचल्या, रोज मंत्र म्हटला. एका मेंढीनं त्यांच्या उपरण्याचा काठ खाल्ला, तरी मंत्र मध्ये तोडला नाही. सिदबानं काहीच केलं नाही. चिलीम ओढत बसला.

नवव्या दिवशी राजा माळावर आला. विसांतली सतरा मेंढरं उड्या मारत होती, तीन अजून लंगडत होती.

"बुवा," सिदबा म्हणाला, "कान न बघता, इथूनच सांगा, तुमची दहा कुठली?"

शास्त्रीबुवांनी चाल बघून दहा ताठ चालणारी मेंढरं निवडली. राजानं एकेकाचा कान उलटला. चारांच्या कानात ठिपका होता. सहांच्या नव्हता. मग त्यानं लंगड्या तिघांचे कान पाहिले. तिथं दोन ठिपके निघाले.

एक मेंढी शिंकली.

"मग माझा गुडघा?" राजा लाल झाला. "तो काय उगाच वाकला?"

"उगाच कशाला, सरकार? मेंढरांना आन् तुमाला औषध एकच लागलं. आठ दिवस पाण्याबाहेर, कोरड्यात."

"एवढंच होतं, तर आधी का सांगितलं नाहीस?"

"श्रावणात सांगितलं होतं. तळ्याच्या काठावर. तुमी म्हणालात, मासे बुजतात, गप ऱ्हा."

दाजीशास्त्र्यांनी सुयांची डबी हळूच मिटली. "म्हणजे सिदबा, माझी सुई वायाच म्हणायची?"

"छे, बुवा. वाया कशी?" सिदबा म्हणाला. "मेंढरू हाकलं की कोरड्यात जातं, त्याला सुई लागत नाही. राजाला कोण हाकलणार? राणीसाहेब थकल्या, मी थकलो. तुमी टोचलंत तवा आठ दिवस एका जागी बसला. सुईनं गुडघा बरा होतो का ते मला ठावं नाही. पण राजा खाली बसतो, हे समद्यांनी बघितलं."

राजा आधी शास्त्र्यांकडे बघत राहिला, मग लंगड्या मेंढीकडे. आणि मग एवढा हसला, की तोल जाऊन ओल्या गवतात बसला. कुरण धनगरांना कायमचं दिलं. शास्त्र्यांना नवं उपरणं, आणि सिदबाची सगळी घोंगडी राजानंच घेतली, गुडघ्यावर पांघरायला.

सिदबा घरी पोचला तेव्हा शेजारची गोजरा दारात सुपात जोंधळे पाखडत होती. तिचा नवरा आत घोरत होता. तिनं सगळी हकिकत ऐकून घेतली, सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "बसवायची सुई झाली, सिदूदादा. आता आमच्या घरातल्याला उठवायची एखादी मिळते का, तेवढं शास्त्रीबुवांना विचारून ठेवा."