तिसऱ्या खिळ्यावरचा बिल्ला

वृद्ध गुरू आणि त्यांचा शिष्य एकदा सुट्टीवर गेले. गुरूंना कसली आली सुट्टी, असे काही वाचक म्हणतील. पण ज्ञानी माणसाचेही गुडघे दुखतात आणि त्यालाही समुद्र पाहावासा वाटतो. शिष्य चाळिशीचा होता, बारा वर्षे गुरूंजवळ शिकलेला. त्यानेच आग्रह करून त्यांना दक्षिण समुद्रातल्या एका हिरव्यागार बेटावर नेले. चार पिढ्यांपूर्वी आपल्याकडची काही माणसे तिथे उसाच्या मळ्यांत कामाला गेली आणि तिथलीच होऊन राहिली. त्यामुळे भाषेची अडचण नव्हती.

बेटाच्या मधोमध एक डोंगर होता आणि गावातून निघणाऱ्या तीन पायवाटा होत्या. पहिली शिखराची. दुसरी धबधब्याची. तिसरी किनाऱ्याकाठची, सपाट, सावलीची. दिवस भरत आलेली बाईही ती सुखाने चालून येई, म्हणून गावात तिला 'पोटुशीची वाट' म्हणत. पाहुण्यांनी आपापली वाट निवडावी आणि जावे. फक्त एक रीत पाळायची. गावाच्या तोंडाशी नीरफणसाच्या झाडाखाली एक फळी होती, तिला तीन खिळे ठोकलेले होते. प्रत्येक पाहुण्याला आल्या दिवशी करवंटीचा एक बिल्ला मिळे, त्यावर त्याचे नाव कोरलेले. निघताना आपल्या वाटेच्या खिळ्याला तो अडकवायचा, परतल्यावर काढायचा. संध्याकाळी एखादा बिल्ला फळीवर राहिलाच, तर गावातली माणसे तो घेऊन त्या वाटेने शोधायला निघत. पाहुणा सापडेपर्यंत किंवा वाट संपेपर्यंत ती माघारी फिरत नसत. फळीवर लक्ष ठेवण्याचे काम तानूबाईकडे होते आणि शोधायला जाण्याचे तिच्या नवऱ्याकडे, धाकूकडे. दोघेही साठी ओलांडलेले.

पहिल्या सकाळी गुरूंनी आपला बिल्ला धबधब्याच्या खिळ्याला लावला. दोनशे पावले गेल्यावर त्यांचा गुडघा कुरकुरू लागला. तिथूनच किनाऱ्याची वाट फुटत होती.

"आज आपण इकडून जाऊ," गुरू म्हणाले.

शिष्य तिकडे वळला, तर गुरू आल्या वाटेने परत निघालेले.

"गुरुजी, वाट ही इथेच आहे."

"बिल्ला बदलायला हवा."

"दोनशे पावलं उलटी? आपण तासाभरात परतणार आहोत. कोण बघतंय?"

बघणारे होते. फळीपाशी तानूबाई होतीच, शिवाय एक कापडाचा व्यापारी बुटांच्या नाड्या बांधत बसला होता. बूट असे, की त्यांच्याकडे पाहूनच शिखराने वाकून नमस्कार करावा. गुरूंनी लंगडत येऊन बिल्ला दुसऱ्या खिळ्यावरून काढला आणि तिसऱ्याला लावला, तेव्हा व्यापारी हसून म्हणाला, "काय गुरुजी, पोटुशीची वाट का?"

"हो, तीच," गुरू प्रसन्नपणे म्हणाले.

शिष्याचे कान तापले. ज्यांनी ऐन उमेदीत अर्धा हिमालय पायी पालथा घातला, ज्यांच्या त्या यात्रांच्या कथा तो दहा जणांना सांगत असे, ते गुरू आज चारचौघांत गर्भारणींच्या पंगतीला जाऊन बसले! त्याला गुरूंची लाज वाटली. हे वाक्य लिहिताना मलाही अवघड वाटते आहे, पण जे घडले ते असे घडले.

दुसऱ्या दिवशी गुरूंचा गुडघा सुजला आणि ते पडवीत पाय लांब करून बसले. शिष्य एकटाच फळीपाशी आला. व्यापाऱ्याने नुकताच आपला बिल्ला शिखराच्या खिळ्याला लावला होता. "तुम्ही किनाऱ्यालाच ना?" त्याने विचारले. विचारण्यात कुत्सितपणा होता की नुसतीच चौकशी, कोण जाणे. शिष्याने उत्तरादाखल आपला बिल्ला पहिल्या खिळ्याला असा अडकवला, की फळी हलली.

"दमानं जा," तानूबाई म्हणाली. "दुपारनंतर वर ढग उतरतो."

अर्ध्या तासात पहिला खडा चढ आला. काळा ओला कातळ, त्यावर मुळांची जाळी, खाली दरी. व्यापारी तो चढून दिसेनासा झाला. शिष्याने एक पाय वर टाकला, खाली पाहिले, आणि पाय मागे घेतला. तीनदा प्रयत्न केला, तीनदा खाली आला. मग तो मुकाट्याने बाजूच्या शेळ्यांच्या वाटेने उतरला आणि पोटुशीच्या वाटेला लागला.

इथवर त्याचे काहीच चुकले नव्हते. भीती वाटणे हा अपराध नव्हे. तिथून गाव वीस मिनिटांवर होते. जायचे, बिल्ला बदलायचा, झाले. पण इतक्या लवकर परतलो तर तानूबाई विचारील, व्यापाऱ्याला कळेल. शिखरावर जाऊन येण्याइतका वेळ काढायला हवा. म्हणून सुरूच्या झाडांखाली बसून तो वेळ काढू लागला. काय सांगायचे तेही त्याने ठरवले: वरून दोन्ही बाजूंचा समुद्र दिसतो, वारा फार आहे, उतरताना जपावे लागते. शब्द जुळवता जुळवता त्याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा सूर्य पाण्याला टेकत होता. तो लगबगीने परतला. फळी दिसली. पहिला खिळा रिकामा होता.

झाडाखालच्या दगडावर गुरू बसले होते, शेजारी तानूबाई, आणि जरा दूर व्यापारी, मान खाली घालून.

"आलास," गुरू म्हणाले.

तानूबाईने त्याला डोक्यापासून पायापर्यंत निरखले. कुठेही खरचटले नव्हते. कपड्यांना चिखल नव्हता, फक्त वाळू होती. तिने मग शोधायला गेलेल्यांना परत बोलावण्याचा शंख घेऊन तीनदा फुंकला, पण वारा डोंगराकडून येत होता. आवाज वर पोचणे शक्य नव्हते.

व्यापाऱ्याने हळू आवाजात सांगितले. तो चारला उतरला. वाटेत शिष्य कुठेच भेटला नाही, म्हणून त्यानेच तानूबाईला कळवले. वर ढग दाटला होता. सूर्यास्ताची वाट न पाहता धाकू चौघांना घेऊन बिल्ल्यासह शिखराकडे निघाला होता.

"मी वर जातो. त्यांना बोलावून आणतो," शिष्य म्हणाला.

"त्या कातळावरून?" तानूबाईने विचारले.

तो खाली बसला. वाट पाहण्यापलीकडे त्याच्या हाती काही उरले नव्हते. डोंगराचा माथा ढगात बुडाला होता आणि त्या ढगात पाच माणसे त्याच्या नावाने हाका मारीत फिरत होती. गुरू काही बोलतील तर बरे, रागावतील तर फारच बरे, असे त्याला वाटत होते. गुरूंनी आपली शाल काढून तानूबाईच्या खांद्यावर टाकली.

रात्र बरीच झाल्यावर, कंदिलाच्या उजेडात माणसे उतरली. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून धाकू येत होता. त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सोलवटला होता. शिष्याला पाहताच त्याचा चेहरा उजळला.

"अरे बाबा! आहेस होय तू!" त्याने मूठ उघडली. आत करवंटीचा बिल्ला होता, घामाने ओला. "पार टोकापर्यंत गेलो. कड्याखालीसुद्धा उतरून बघितलं. म्हटलं, गेला हा माणूस. कुठं चुकलास वाट?"

धाकूला राग आला असता तर शिष्य तो सहज सोसू शकला असता. त्याचा आनंद त्याला सोसेना. 'ढगात वाट चुकलो' एवढे म्हटले असते तर सुटका होती. धाकूने तर ते उत्तर आयतेच पुढे केले होते. शिष्याने गुरूंकडे पाहिले. गुरू समुद्राकडे पाहत होते.

"मी वर गेलोच नव्हतो," शिष्य म्हणाला. "कातळाला घाबरलो. दिवसभर किनाऱ्याच्या वाटेवर होतो. लाज वाटली म्हणून बिल्ला बदलला नाही."

तानूबाई उठली.

"लाज वाटली? अहो, त्या वाटेनं मी चार लेकरं पोटात घेऊन चालले. लाजण्यासारखं काय आहे तिच्यात? आणि हा माझा माणूस कड्यावरून गेला असता, तर मी कुणाचा बिल्ला बघत बसले असते?"

धाकूने तिच्या हातावर हात ठेवला आणि बिल्ला शिष्यापुढे धरला.

"जिथं होतास तिथं लाव. मग काढ. आमच्याकडं दिवस असा अर्धवट ठेवत नाहीत."

शिष्याने सगळ्यांसमोर बिल्ला तिसऱ्या खिळ्याला लावला आणि काढला. खिळा छातीएवढ्याच उंचीवर होता. तरी तिथवर हात नेणे त्याला जड गेले.

मुक्कामी परतताना तो म्हणाला, "गुरुजी, काल तुम्ही बिल्ला बदलायला मागे फिरलात, तेव्हा मला तुमची लाज वाटली होती."

"ठाऊक आहे. तुझे कान लाल झाले होते."

"तुम्ही दोनशे पावलं लंगडत का परत गेलात?"

गुरू थांबले. "तुला वाटलं, तो बिल्ला आपण केवढे आहोत हे लोकांना सांगण्यासाठी आहे. तो त्यासाठी नाहीच. आपण पडलो तर कुठे शोधायचं, एवढंच तो सांगतो. तू आहेस त्याहून वर आहेस असं जगाला सांगितलंस, की तुझ्यावर माया करणारी माणसं तुला वरच शोधत राहतात. ती कड्यावर हाका मारतात आणि तू खाली एकटा बसलेला असतोस. तुझी हाक त्यांना ऐकू जात नाही, त्यांची तुला येत नाही. आज धाकूचा पाय सोलवटला. इतक्यावर भागलं हे नशीब समज. माझा गुडघा दुखतो, हे चारचौघांत कळलं तर माझं काय जातं?"

शिष्य मान खाली घालून चालत राहिला. समजले होते, पण समजल्याने लाज कमी होत नव्हती.

तिसऱ्या सकाळी त्याने गुरूंचा आणि स्वतःचा असे दोन्ही बिल्ले किनाऱ्याच्या खिळ्याला लावले. तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. पायाला फडके बांधून धाकू आला होता. कमरेच्या पिशवीतून त्याने एक जुना, काळा पडलेला बिल्ला काढला आणि त्या दोघांशेजारी अडकवला.

"आठवडाभर आता मीही पोटुशीच," तो म्हणाला. "चला, बरोबरच जाऊ."

गुरू मोठ्याने हसले. तानूबाईसुद्धा हसली, तोंड फिरवून. शिष्याला हसू आले नाही. त्याने धाकूची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली आणि त्या लंगड्या पावलाच्या एक पाऊल मागे राहून सपाट वाटेने चालू लागला.

आपलाही बिल्ला आज कोणत्या खिळ्याला आहे, हे संध्याकाळ होण्यापूर्वी एकदा पाहून यावे.