राजांची मोटार का रुसली

सांगवड्याच्या संग्रामराजांना मोटारीचं भारी वेड. एकदा त्यांनी स्वतःच्या हातांनी गाडीचं सगळं इंजिन खोललं, धुऊनपुसून पुन्हा जोडलं. पण गाडी काही सुरू होईना. हँडल मारलं की नुसती खोकायची.

राजांनी शोफर दस्तगीरला बोलावलं. "बिघाड शोध. पण माझ्या कामात चूक काढलीस तर नोकरी गेली, आणि गाडी सुरू झाली नाही तरी गेली!"

दस्तगीरनं बॉनेट उघडून पाहिलं. प्लगच्या दोन तारांची अदलाबदल झाली होती. आता हे सांगायचं कसं?

माहेरी स्वतः मोटार चालवणाऱ्या हेमलताराणी शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी वाकून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "महाराज, दरबारात मुजरे चालू असताना दोन सरदार आपला क्रम सोडून पुढेमागे आले, तर आपण काय कराल?"

"दरबार तिथंच थांबवीन!"

"इंजिनानंही तेच केलंय. या दोन तारांनी क्रम सोडलाय. हुकूम व्हावा."

राजांनी वाकून तारा पाहिल्या आणि ते म्हणाले, "दस्तगीर, बसव त्यांना ज्याच्या त्याच्या जागी."

दस्तगीरनं तारा आपापल्या जागी लावून हँडल मारलं, तशी गाडी गुरगुरत सुरू झाली.

"पण राणीसाहेब," राजांनी विचारलं, "यांना चुकीच्या जागी बसवलं कुणी?"

"दरबारात जागा कोण नेमून देतं, महाराज?"

राजे खळखळून हसले. दार उघडून त्यांनी राणीसाहेबांना चालकाच्या जागेवर बसवलं आणि स्वतः शेजारी जाऊन बसले.